राजाने दिलेली लोकशाही आणि चुखाचा रस्ता

रविवार : हासिमारा, जयगाव, फुन्शोलिंग

उत्तर बंगालमधल्या हासिमाराला उतरलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. चहाच्या मळ्यांमधून जाणारा रस्ता तासाभराच्या आत जयगावला पोचवतो. जयगाव म्हणजे टोटोंची (ई-रिक्षांची) गर्दी, मोमोंच्या गाड्या, ठोक मालाची दुकानं आणि न थांबणारे हॉर्न. या बाजाराच्या टोकाला एक नक्षीदार कमान आहे आणि कमानीपलीकडे दुसरा देश : भूतानचं फुन्शोलिंग.

मामा बरोबर होता. मामा स्थापत्य अभियंता. ऐंशीच्या दशकात चुखाच्या जलविद्युत प्रकल्पावर त्याने काही वर्षं काढली आणि नंतर कधी इकडे फिरकला नाही. पण घरात कुणी मनालीचं कौतुक सुरू केलं, की "चुखाचा रस्ता बघितला नाहीस अजून" हे ठरलेलं. यंदा एप्रिलमध्ये मी त्यालाच घेऊन निघाले.

पायी येणाऱ्यांसाठी आता वेगळी इमारत आहे. प्रवेशासाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो, आधार चालत नाही. आमच्या पुढच्या नागपूरकर आजोबांना हे तिथे पोचल्यावर कळलं आणि त्यांचा मुलगा सामान उपसत बसला. आमचं काम पटकन झालं, फक्त पैसे भरताना मामाचा चेहरा बघण्यासारखा होता. भारतीयांना माणशी, दर रात्रीला १,२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' द्यावं लागतं.

"आम्ही धरण बांधायला आलो तेव्हा नाही कुणी पैसे मागितले!"

मागितले नव्हते हे खरं. २०२२ पर्यंत भारतीय पर्यटकाला हे शुल्क नव्हतंच. इतर परदेशी लोकांना पॅकेजमध्येच दिवसाला ६५ डॉलर द्यावे लागत. २०१९ मध्ये तीन लाखांवर पर्यटक आले, त्यातले बहुतेक आपले. सगळ्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत-बाहेर. म्हणून २०२० मध्ये कायदा केला, मग करोनात दारंच बंद झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती उघडली ती नव्या दराने : भारतीयांना १,२०० रुपये, इतरांना थेट २०० डॉलर. ते फारच झालं हे लक्षात आल्यावर वर्षभरात २०० चे १०० केले. आपला दर तोच राहिला. जवळच्या मित्राच्या पाहुण्यांना 'या, पण जरा बेताने' असं सांगायचं आणि मैत्रीला ओरखडा उठू द्यायचा नाही, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. मला तरी शुल्क पटलं. मामाला थिंफूपर्यंत पटलं नाही.

घड्याळं अर्धा तास पुढे केली. रुपये इथे सरसकट चालतात, कारण इथलं चलन न्गुलत्रुम आणि रुपया एकास एक.

सोमवार : चुखावरून थिंफू

सकाळी गाइड आला. पंचविशीतला, घो (इथला गुडघ्यापर्यंतचा झगा) नेसलेला, हिंदी आपल्यापेक्षा बरी. वाक्याच्या शेवटी आदराने 'ला' लावायची सवय : "चलें ला?"

रस्ता चढायला लागला की मामाची बडबड सुरू होते. हा रस्ता सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. काम १९६१ मध्ये सुरू झालं. त्याआधी भारतातून भूतानच्या राजधानीकडे गाडीरस्ताच नव्हता. १९५८ मध्ये पंडित नेहरू आले ते सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोडी आणि याक घेऊन. बरोबर इंदिराबाई. भूतान स्वतंत्र राहावा हीच आमची इच्छा आहे, असं त्यांनी पारोला जाहीर सांगितलं. पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि भूतानने तिबेटशी पिढ्यान् पिढ्या चाललेला व्यापार थांबवला. उत्तरेचं दार लावल्यावर दक्षिणेचं उघडणं भाग होतं.

उघडताना तिसऱ्या राजाने, जिग्मे दोरजी वांगचुक यांनी, जे केलं ते मला या देशाचं खरं सूत्र वाटतं. बाहेर एक पाऊल टाकायचं तर आधी घरात काहीतरी बदलायचं. १९५३ मध्ये त्यांनी राष्ट्रीय सभा स्थापन केली, त्याच दशकात वेठबिगारीतल्या कुळांना मोकळं केलं. १९६२ मध्ये देश कोलंबो योजनेत, म्हणजे विकासासाठी एकत्र आलेल्या देशांच्या गटात, गेला. १९६८ मध्ये राजांनी सभेच्या निर्णयांवरचा आपला नकाराधिकार सोडला आणि पुढे तर राजावर दर तीन वर्षांनी विश्वासमत घ्यायची पद्धत आणली. सभासदच बिचारे गांगरले. हे चालू असतानाच १९६९ मध्ये जागतिक टपाल संघाचं सदस्यत्व आणि २१ सप्टेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांचं. पाठीशी भारत होता.

आणि भारत नुसता पाठीशी नव्हता, कागदावर खांद्यावरच होता. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल असं कलम होतं. ते बदललं थेट २००७ मध्ये. आता शब्द आहेत ते राष्ट्रहिताच्या बाबतीत जवळून सहकार्य करण्याचे. अठ्ठावन्न वर्षं लागली, पण त्यासाठी एकदाही आदळआपट झाली नाही.

धरण दिसेल अशा जागी चहाला थांबलो. मामा कठड्याशी जाऊन उभा राहिला. चुखाचा प्रकल्प ३३६ मेगावॅटचा, १९८६ ते ८८ दरम्यान सुरू झालेला. भारताने ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज दिलं आणि तयार झालेली जास्तीची वीज आपणच विकत घेतली. हीच रीत पुढे ताला (१,०२० मेगावॅट) प्रकल्पाला लागली; मांगदेछूला (७२० मेगावॅट) मात्र अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७० टक्के झालं. भूतानच्या तिजोरीचा मोठा हिस्सा या नद्यांच्या पाण्यातून येतो.

"मग तुम्हा लोकांनी केलेलं चांगलंच झालं की ला," गाइड म्हणाला.

"चांगलं झालं. फक्त पर्यटनाच्या पावतीवर तेवढं लिहा," मामा म्हणाला.

मंगळवार : थिंफू

थिंफूत वाहतुकीचे दिवे नाहीत हे सगळ्यांनी सांगून झालेलं आहे. रंगीत छत्रीत पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करतो, पर्यटक त्याचे व्हिडिओ काढतात. आम्हीही काढला.

मला जायचं होतं टपाल कार्यालयात. या देशाने जगाला पहिली पत्रं लिहिली ती तिकिटांवरून, असं म्हटलं तर चालेल. १९६२ मध्ये भूतानची पहिली आंतरराष्ट्रीय तिकिटं निघाली. बर्ट टॉड नावाच्या अमेरिकी व्यावसायिकाच्या डोक्यातून मग एकेक कल्पना निघत गेल्या : पोलादी पत्र्यावरची तिकिटं, रेशमावरची, त्रिमिती चित्रांची आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर चक्क ग्रामोफोनवर वाजणारी, ज्यांवर राष्ट्रगीत आणि लोकगीतं होती. संग्राहक डॉलर मोजायचे. ज्या देशाचं नाव नकाशावर कुणाला सापडत नव्हतं, तो देश युरोप-अमेरिकेतल्या घराघरांतल्या अल्बममध्ये जाऊन बसला. आता तिथे आपला फोटो छापलेलं तिकीटही करून मिळतं. मामाने करून घेतलं आणि त्याच तिकिटाने मामीला पत्र टाकलं.

दुसरं असंच चलनी नाणं म्हणजे 'सकल राष्ट्रीय आनंद'. त्याची एक गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. चौथे राजे, जिग्मे सिंग्ये वांगचुक, सोळाव्या वर्षी गादीवर आले. १९७९ मध्ये हवानाच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना मुंबई विमानतळावर पत्रकारांनी गाठलं, तेव्हा सकल उत्पादनापेक्षा सकल आनंद आम्हाला महत्त्वाचा आहे असं ते म्हणाले, असं सांगतात. त्याच हवानात कंपुचियाच्या (आजच्या कंबोडियाच्या) प्रश्नावर भूतानने भारताहून वेगळी भूमिका घेतली होती, हे मात्र कमी सांगितलं जातं. पुढे आनंदाचे निर्देशांक झाले, नऊ क्षेत्रं ठरली आणि २०११ मध्ये भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत आनंदाचा ठराव मंजूर झाला. २० मार्चला जो आनंद दिन येतो तो इथूनच. मला या आनंदाच्या हिशेबाबद्दल शंका आहेत. पण आठ लाख लोकांच्या देशाने एक शब्द जगाच्या गळी उतरवला, हे मान्यच करावं लागतं.

संध्याकाळी ताशिछो द्झोंग, म्हणजे किल्लावजा मठ. कचेऱ्या सुटल्यावर पर्यटकांना आत सोडतात. अर्ध्या भागात भिक्षू, अर्ध्यात सरकार. राजांचं कार्यालय इथेच. पलीकडे संसदेची इमारत. अंगणात उभं राहून गाइडने लोकशाही कशी आली ते सांगितलं. त्याच्या सांगण्यात अभिमान आणि थोडी तक्रार असं मिश्रण होतं.

चौथ्या राजांनी १९९८ मध्ये कारभार मंत्रिमंडळाकडे दिला, १९९९ मध्ये टीव्ही आणि इंटरनेट येऊ दिलं, २००१ मध्ये राज्यघटना लिहायला सांगितली. मसुदा घेऊन बापलेक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. लोक हात जोडून म्हणत, आम्हाला हे नको, राजा हवा. राजांचं उत्तर असायचं, की राजा चांगला निघेल हे नशिबावर कशाला सोडता? डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी गादीच सोडली. तेव्हा त्यांचं वय होतं ५१.

मग सराव परीक्षा. २००७ मध्ये लोकांना मतदान शिकवायला खोट्या पक्षांची खरीखुरी निवडणूक घेतली : निळा, हिरवा, लाल आणि पिवळा. पिवळा हा राजाचा रंग. पिवळ्या पक्षाने ४७ पैकी ४६ जागा घेतल्या! मार्च २००८ च्या खऱ्या निवडणुकीतही एका पक्षाला ४५ जागा मिळाल्या आणि सगळ्यांना वाटलं हे असंच चालणार. पण नको-नको म्हणणाऱ्या याच लोकांनी त्यानंतरच्या २०१३, २०१८ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत सरकार बदललं. सध्या पंतप्रधान आहेत त्शेरिंग तोबगे, मधली पाच वर्षं सोडून दुसऱ्यांदा. घटनेत राजाला ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे आणि देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली ठेवायचं बंधन आहे. खासदार व्हायला पदवी लागते. या शेवटच्या अटीवर मामा खूश, मी नाही. ज्याला शाळा मिळाली नाही त्याचा प्रतिनिधी तोच का होऊ नये?

रात्री जेवताना हॉटेलच्या मालकीणबाईंनी विचारलं, कुठून आलात? पुणे म्हटल्यावर बाईंचा चेहरा एकदम उजळला. लस! २० जानेवारी २०२१ ला मुंबईहून कोविशील्डचे दीड लाख डोस भेट म्हणून इथे आले, ते आपल्या हडपसर-मांजरीच्या कारखान्यातले. भूतानने ते लगेच टोचले नाहीत. सगळ्यांना एकदम द्यायचं म्हणून पुढचे चार लाख येईपर्यंत थांबले, ग्रह बघितले आणि २७ मार्चला मर्कटवर्षात जन्मलेल्या एका बाईला पहिली सुई दिली. जेमतेम दोन आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना डोस मिळाला. आमचा गाइड तेव्हा 'देसूप' होता, नारिंगी गणवेशातला स्वयंसेवक. त्याने बर्फाच्या पेट्या पाठीवर वाहिल्या होत्या.

पण खरी कसोटी नंतर आली. आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि दुसऱ्या डोसचं काय हा प्रश्न उभा राहिला. या देशाचे सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. अमेरिकेशी नाहीत, चीनशी नाहीत, कुणाशीच नाहीत. मोठ्यांच्या भांडणात पडायचं नाही म्हणून मुद्दामच ठेवलेले नाहीत. तरी जुलैत अमेरिकेकडून पाच लाख मॉडर्ना आल्या, डेन्मार्ककडून अडीच लाख ॲस्ट्राझेनेका, आणखीही काही देशांनी दिल्या. चीनकडूनही आल्या. तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग स्वतः शल्यविशारद, पदावर असतानाही शनिवारी रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारे. असा माणूस फोन करतो तेव्हा पलीकडचा ऐकत असणार.

मालकीणबाईंनी एमा दात्शीत (मिरची-चीजच्या भाजीत) मिरच्या कमी घालते म्हणून सांगितलं होतं. कमी म्हणजे किती, ते आम्ही डोळे पुसत समजून घेतलं.

बुधवार : दोचुला, पुनाखा

दोचुलाला लाल बुरांस फुलला होता, हिमशिखरं ढगात. खिंडीत १०८ स्तूप आहेत ते २००३ च्या मोहिमेच्या स्मरणार्थ. आसामातल्या बंडखोर उल्फा आणि इतर संघटनांचे तळ भूतानच्या दक्षिणेच्या जंगलात होते. चौथे राजे कित्येक वर्षं वाटाघाटी करत राहिले आणि शेवटी स्वतः सैन्याबरोबर गेले. भारताच्या सुरक्षेचा प्रश्न त्यांनी आपल्या जवानांच्या जिवावर सोडवला. पारडं कुणाकडे झुकतं याची चर्चा करणाऱ्यांनी हे स्तूप आधी मोजावेत.

पुनाखाचा द्झोंग फो छू आणि मो छू यांच्या संगमावर. १७ डिसेंबर १९०७ ला इथेच पहिल्या राजाची निवड झाली. आत जाताना गाइडने झोळीतून पांढरा काबने (उपरणं) काढून खांद्यावर घेतला. पांढरा सामान्यांचा, निळा खासदारांचा, नारिंगी मंत्र्यांचा, केशरी-पिवळा फक्त राजा आणि मुख्य धर्मगुरू यांचा.

नदीकाठी बसल्यावर मी तो विषय काढला जो पर्यटनाच्या पुस्तिकेत नसतो. दक्षिणेतले नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा. १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची जनगणना, मग सर्वांना एकच पोशाख आणि शाळांतून नेपाळी बंद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर ढकलली गेली, नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि २००७ नंतर त्यांतली बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत वसवली गेली. ज्या राजाने सत्ता सोडली त्याच राजाच्या काळात हे झालं. गाइड बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी तेव्हा जन्मलो नव्हतो ला." मी पुढे ताणलं नाही. पण आनंदाचा ठराव वाचताना ही बाजू झाकून ठेवता येत नाही, निदान मला.

गुरुवार : पुनाखा

दिवसभर पाऊस. मामा झोपला, मी भिजत झुलत्या पुलावर जाऊन आले. बाकी काही नाही.

शुक्रवार : पारो, चेले ला

कड्यावरच्या ताक्त्संग मठाची चढण मामाच्या गुडघ्यांना झेपणार नव्हती, म्हणून गाडीने चेले ला गाठली. जवळजवळ चार हजार मीटर. वारा असा की पताका फाटतील. एका बाजूला पारो, दुसऱ्या बाजूला 'हा' नावाचं खोरं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी डोकलाम, भूतान आणि चीन दोघंही आपलं म्हणतात ते पठार. 'हा' गावात भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक कित्येक दशकांपासून आहे.

चीनशी सीमेची बोलणी भूतान १९८४ पासून स्वतः करतो. २०१२ मध्ये पंतप्रधान जिग्मी थिनले रिओत चीनच्या पंतप्रधानांना भेटले. त्याच वर्षी भूतान सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेसाठी उभा राहिला आणि २० मतं घेऊन पडला. पुढच्या वर्षी ऐन निवडणुकीत भारताने गॅस आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं, थिनलेंचा पक्ष हरला, नंतर अनुदान परत आलं. दिल्लीने याला तांत्रिक कारण दिलं. इथे ते कुणाला पटलं असेल असं वाटत नाही, आणि शेजाऱ्याचा स्वयंपाकघरातला गॅस बंद करणं हे मलाही शोभणारं वाटलं नाही. २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचे सैनिक ७३ दिवस समोरासमोर होते. जमिनीवर दावा भूतानचा आणि सगळ्यात कमी बोलला तोही भूतानच. २०२१ मध्ये त्याने चीनशी तीन टप्प्यांचा आराखडा ठरवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाचवे राजे प्रयागराजला कुंभात स्नान करून गेले. दोन्ही गोष्टी एकाच धोरणातल्या.

खाली पारोच्या बाजारात निम्म्या पाट्या 'ऑस्ट्रेलियात शिका' म्हणणाऱ्या. गाइडची बहीण पर्थला आहे, शिक्षिका होती. शिक्षक, नर्स, कारकून हजारोंनी गेलेत. २०२२ मध्ये प्रशासनाची झाडाझडती झाली, परीक्षण करून वरच्या अनेक अधिकाऱ्यांना बाजूला केलं. दुसऱ्याच वर्षी पगार वाढवले. डिसेंबर २०२३ मध्ये देश अल्पविकसितांच्या यादीतून बाहेर पडला आणि त्याच आठवड्यात राजांनी आसामच्या सीमेवर गेलेफूला नवं शहर जाहीर केलं : वेगळे कायदे, विमानतळ, परदेशी गुंतवणूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजे ऑस्ट्रेलियाला गेले, पर्थमध्ये आपल्याच लोकांना भेटले. दुसऱ्या देशाच्या दौऱ्यावर जाऊन आपल्या नागरिकांची समजूत घालणं, हे परराष्ट्र धोरण की घरकाम?

गेलेफूच्या राखीव निधीत बिटकॉइन असणार आहे. जलविद्युतेच्या विजेवर सरकारी कंपनी ते खणते. हे ऐकून मामा चहाचा कप हातात धरून थबकला.

"म्हणजे आम्ही पाणी अडवलं, त्यावर हे आकडे पिकतात?"

"पावसाळ्यात वीज उरते ला."

"बरंय. निदान कोळसा जाळत नाहीत."

शनिवार : पारो विमानतळ

गाइड सोडायला आला होता. जूनमध्ये त्याची इंग्रजीची परीक्षा आहे, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी लागते ती. मामाने त्याला बाजूला घेऊन बरंच समजावलं : गेलेफूला बांधकाम निघेल, अभियंते लागतील, हिशेबनीस लागतील, माणसं लागतील, तू इथली भाषा जाणतोस, तिथे नाव नोंदव. मुलगा मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दोन्हीकडे अर्ज केलाय सर. जिथून आधी पत्र येईल तिथे जाईन ला."

मामाने त्याला आपला नंबर दिला. पत्र कुठून आलं ते कळव म्हणाला.